परक्या आकाशातला शेजारी

भल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यावर नाटुकले बसवले नाही असे वर्ष सहसा जात नाही. याजक कोण, लेवी कोण, जखमी कोण हे मुलांना तोंडपाठ असते. जनावराचे सोंग घ्यायला मात्र कुणीच तयार नसते! परवा आम्ही लूकच्या शुभवर्तमानातला तो दहावा अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा काही साध्या गोष्टी प्रथमच डोळ्यांत भरल्या. तो शोमरोनी त्या मुलखात परका होता. त्याच्यापाशी वाहन होते. आणि तो तिथे कायमचा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवून, परत येईन असे सांगून तो आपल्या वाटेने गेला.

हे सारे डोक्यात यायला निमित्त झाले एका तरुणाचे. आपल्याच धर्मग्रामातला हा मुलगा वैमानिक आहे. घरच्यांनी कर्ज काढून त्याला शिकवले. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते, आणि तेवढे तास भरले म्हणून नोकरी मिळतेच असे नाही, हे ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांना सांगायला नको. काही वर्षे त्याने प्रशिक्षण देण्याचे काम केले, तास वाढवले. आता त्याला पापुआ न्यू गिनी या देशात छोटी विमाने चालवण्याचे काम मिळण्याची शक्यता आहे. आई म्हणते, तिकडे नको. वडील म्हणतात, पगार तर बघ. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याने आम्हाला गाठले आणि विचारले, ‘‘अंकल, तिथे जाणे बरोबर आहे का? ती खुर्ची खरे तर त्यांच्याच एखाद्या मुलाची नाही का?’’

प्रश्न साधा वाटला. घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा कळले की तो साधा नाही.

पापुआ न्यू गिनी हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेला देश. 16 सप्टेंबर 1975 रोजी तो स्वतंत्र झाला. तिथे आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात, कारण डोंगर एवढे उंच आणि दऱ्या एवढ्या खोल की शेजारच्या खोऱ्यातला माणूससुद्धा परका. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे उलटली तरी राजधानी पोर्ट मोर्सबीहून डोंगराळ प्रांतांत मोटारीने सरळ जाता येत नाही. असंख्य गावांना रस्ता म्हणजे पायवाट किंवा विमान. तिथल्या लोकांनी डोंगराच्या सोंडेवर कुदळ-फावड्यांनी जमीन सपाट करून, म्हणजे जमेल तेवढी सपाट करून, गवताच्या धावपट्ट्या तयार केल्या आहेत. त्यांतल्या कित्येक चढाच्या आहेत. विमान खालून वर उतरते आणि वरून खाली सुटते. समोर डोंगर असल्यामुळे एका ठरावीक बिंदूच्या पुढे गेल्यावर वैमानिकाला पुन्हा वर उठून फेरी मारण्याची सोय नसते. उतरायचे म्हणजे उतरायचेच. दुपारपर्यंत ढग दाटतात आणि खिंडी बंद होतात, म्हणून खरे काम सकाळचे.

तिथल्या सर्वांना समजणाऱ्या टोक पिसिन भाषेत विमानाला ‘बालूस’ म्हणतात. हा शब्द मूळचा टोलाई लोकांच्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ कबुतर. जॉर्डन नदीवर उतरलेले कबुतर आपल्याला लगेच आठवते. पण आपण फार भावूक होऊ नये. त्या डोंगरांत विमान मोठ्या प्रमाणावर प्रथम पोहोचले ते पवित्र आत्म्यासाठी नव्हे, सोन्यासाठी. 1930 च्या दशकाच्या आरंभी बुलोलोच्या खोऱ्यात सोने काढण्याची अजस्र यंत्रे सुटे भाग करून जर्मन बनावटीच्या युंकर्स विमानांतून नेली गेली. वाट काढणे महाग, म्हणून यंत्रच आकाशातून नेले! मिशनरी, सरकारी अधिकारी, कॉफीचे व्यापारी हेही त्याच आकाशातून गेले. परका वैमानिक ही तिथली जुनी गोष्ट आहे, आणि तो कुणासाठी आला हा प्रश्नही तितकाच जुना.

आपल्या ख्रिस्तसभेने हा प्रश्न कसा हाताळला, याची दोन मरणे आम्हाला फार बोलकी वाटतात. पहिले न्यू गिनीतले नाही, आफ्रिकेतले आहे. पॉल शुल्टे हे जर्मन धर्मगुरू पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांचे मित्र फादर ओटो फुरमान 1925 मध्ये आजच्या नामिबियातल्या ओवाम्बोलँडमध्ये आजारी पडले आणि वेळेवर उपचारापर्यंत पोहोचू न शकल्यामुळे वारले. वाहन असते तर ते वाचले असते, हे शुल्टे यांच्या जिव्हारी लागले. 1927 मध्ये त्यांनी ‘मिवा’ ही संस्था स्थापन केली. मिशनच्या कामाला मोटारी, बोटी आणि विमाने मिळवून देणे हे तिचे काम. पुढे 1936 मध्ये हिंडेनबर्ग या हवाई जहाजात आकाशातली पहिली मिस्सा अर्पण करण्याचा मानही त्यांनाच मिळाला. पण आमच्या लेखी ती मिस्सा दुय्यम आहे. वाहन नव्हते म्हणून एक माणूस गेला, ही खंत मोठी.

दुसरे मरण याच्या नेमके उलट. हॅरी हार्टविग हा ऑस्ट्रेलियन लुथरन वैमानिक 1951 मध्ये मिशन एव्हिएशन फेलोशिप या संस्थेतर्फे न्यू गिनीत दाखल झाला. संस्थेचे तिथले काम नुकतेच सुरू होत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचे छोटे विमान डोंगरात कोसळले आणि तो मरण पावला. एक विमान नव्हते म्हणून गेला, एक विमान होते म्हणून गेला. परक्या देशातल्या वैमानिकाची रोजची सकाळ या दोन मरणांच्या मध्ये उगवते.

अशी एक सकाळ डोळ्यांसमोर आणून पाहा. पाच हजार फुटांवरची धावपट्टी. वैमानिकाने एकच इंजिन असलेले सेस्ना कॅराव्हॅन उतरवले आहे. उंचीवर हवा विरळ, ऊन चढेल तशी आणखी विरळ, म्हणजे पंखांना उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. म्हणून प्रत्येक प्रवासी आणि त्याचे सामान काट्यावर चढवून किलोकिलोचा हिशेब ठेवावा लागतो. बायांच्या पाठीवर ‘बिलूम’ नावाच्या विणलेल्या झोळ्या, झोळीत रताळी, कधी तान्हे मूल. कॉफीची पोती रचलेली. त्या पोत्यांत कुणाच्या तरी मुलांची वर्षाची फी आहे. एवढ्यात चौघे जण झोळीत घालून एका बाळंतिणीला आणतात. दोन दिवस चालून आले आहेत. मूल अडले आहे. सोबत नवरा आहे, आई आहे. विमानाचे वजन आधीच भरले आहे आणि खिंडीवर ढग उतरू लागला आहे.

पोती उतरवायची, हे कुणीही सांगेल. पण आई की नवरा? आणि ढगाचे काय? वजनाला दया माहीत नाही. विमान दोनशे किलोंनी जड झाले तर ते का झाले हे डोंगर विचारत नाही.

इथे आपण सगळेच पटकन म्हणतो, शोमरोन्याने जखमी माणसाला उचलून आपल्या जनावरावर बसवले, वैमानिकानेही बसवावे. पण शोमरोन्याच्या जनावरावर आधीच आठ माणसे बसलेली नव्हती. आमच्या मते खरा नैतिक पेच इथे आहे. गरीब देशात काम करणाऱ्याच्या मनात हळूहळू एक विचार शिरतो: ‘इथे असेच चालते. यांच्याकडे दुसरे काही नाहीच, मग थोडे जास्त वजन, थोडा जास्त ढग चालवून घ्यायला काय हरकत?’ ऐकायला हा विचार दयेचा वाटतो. पण नीट पाहिले तर त्याच्या पोटात एक हिशेब लपलेला आहे, की इथला जीव थोडा स्वस्त. ज्या ढगात आपण आपल्या देशात आपली माणसे घेऊन शिरलो नसतो, त्या ढगात ही माणसे घेऊन शिरलो, तर शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेचे काय राहिले? मागे बसलेल्या आजीला तो ढग किती धोक्याचा आहे हे ठाऊक नसते. तिने फक्त आपला जीव आपल्या हाती सोपवलेला असतो.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती तितकीच खरी. ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून हात झटकून मोकळे होणे अगदी सोपे. याजक आणि लेवी यांनाही बहुधा काही नियम आठवले असतील. शिवाय आपल्या देशातला वैमानिक उड्डाण रद्द करतो तेव्हा प्रवासी चिडतो, भरपाई मागतो आणि दुसऱ्या विमानाने किंवा रेल्वेने जातो. तिथे उड्डाण रद्द झाले की बाळंतीण मरते. म्हणजे एकच नियम दोन ठिकाणी लावला तरी त्याची किंमत एक जण वेळेने मोजतो आणि दुसरा जिवाने. हा अन्याय वैमानिकाने केलेला नाही, पण त्याची फळे रोज त्याच्याच पायाशी येऊन पडतात.

मग करावे काय? आम्ही बराच विचार केला, आणि आमचे मत असे झाले आहे की वजनाची आणि ढगाची मर्यादा गरिबीमुळे हलवू नये. वैमानिकाला जे स्वतःचे आहे ते मात्र हवे तेवढे सैल करता येते. पहाटे तासभर आधी निघणे, जेवण चुकवून दुसरी फेरी मारणे, सुटीच्या दिवशी उठणे, कॉफीच्या फेरीचे पैसे बुडाले म्हणून मालकाची बोलणी खाणे. शोमरोन्याने खर्च केले ते स्वतःचे तेल, स्वतःचा द्राक्षारस, स्वतःचे दीनार. दुसऱ्या कुणाचा जीव त्याने पणाला लावला नाही.

आमचे हे उत्तर अपुरे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. कधी दुसरी फेरी होतच नाही. खिंड बंद होते आणि संध्याकाळी रेडिओवर कळते की ती बाई गेली. बरोबर निर्णय घेतलेल्या माणसालाही त्या रात्री झोप येत नसणार. त्याने चूक केली नाही हे त्याला सांगता येते, पण तेवढ्याने त्याचे ओझे उतरत नाही, आणि उतरू नये असेही आम्हाला वाटते. ज्याचे ते सहज उतरू लागले, त्याने घरी परतलेले बरे. पुढच्या वेळी त्या धावपट्टीवर उतरल्यावर त्या बाईच्या नवऱ्यासमोर जाऊन उभे राहणे, हेही त्याच्या कामात मोडते.

आता त्या तरुणाचा मूळ प्रश्न: खुर्ची कुणाची?

आपल्या घराघरांतून माणसे आखातात गेली, जहाजांवर गेली. वसईच्या पट्ट्यात काय किंवा गोव्यात काय, कित्येक घरांच्या विटा त्या पगारातून आल्या. आपल्या माणसांनी तिथे काय सोसले हेही आपण ऐकले आहे. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या गोऱ्या माणसाला पगार जास्त, कारण त्याचा पासपोर्ट वेगळा. सुटीवर घरी आलेली माणसे हे सांगताना आवाज खाली आणत. बरे, आता चित्र उलटे झाले. या मुलाला तिथे घर मिळेल, सुटीत यायचे तिकीट मिळेल, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या स्थानिक वैमानिकाला कदाचित त्यातले काहीच मिळणार नाही. पापुआ न्यू गिनीच्या लोकांना ही जखम जुनी आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजवटीत 1964 मध्ये तिथल्या सरकारी नोकरीत परक्यांना एक आणि स्थानिकांना दुसरी, कमी, अशी वेतनश्रेणी ठरवली गेली. त्या अपमानाने तिथल्या सुशिक्षित तरुणांना स्वराज्याच्या मागणीकडे ढकलले. आखातात आपल्याला जे टोचले ते दुसऱ्याला आपल्यामुळे टोचत असेल, तर ते दिसणार का? पगाराचा आकडा मोठा असला की माणसाची नजर अधू होते, असा आमचा अनुभव आहे.

घर सोडून, धोका पत्करून गेलेल्याला जास्त मोबदला मिळावा, यात आम्हाला पाप दिसत नाही. कष्टाला मोल आहे आणि घरी कर्ज आहे. मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या संस्थांचे वैमानिक आपला निर्वाह मायदेशातल्या मंडळ्यांच्या देणग्यांवर चालवतात. तो एक मार्ग आहे, पण सर्वांना तो झेपणारा नाही आणि आपल्या या मुलाला तर नक्कीच नाही. आम्हाला खटकते ती दुसरी गोष्ट. छोट्या विमानांच्या जगात ‘तास जमवणे’ असा शब्दप्रयोग आहे. तरुण वैमानिक अवघड देशांत जातात, नोंदवहीत तास भरतात आणि मोठ्या कंपनीचे बोलावणे आले की निघून जातात. निघून जाण्यात गैर नाही. शोमरोनीही गेला. पण जखमी माणूस ही त्याच्या प्रवासातली पायरी नव्हती. दुसऱ्याच्या डोंगरांवर, दुसऱ्याच्या आजीला मागे बसवून आपण आपली शिडी चढत असू, तर निदान त्या शिडीचे देणे मान्य करावे.

ते देणे फेडायचे कसे, हे दाखल्यातच आहे. उतारशाळेचा मालक! या माणसाकडे आपले लक्षच जात नाही. नाटुकल्यातही त्याला एकच वाक्य असते. पण शोमरोनी गेल्यावर जखमीची शुश्रूषा केली ती त्यानेच, आणि तो त्याच मुलखातला होता. शोमरोन्याने त्याच्यावर विश्वास टाकला, त्याच्या हाती साधन दिले आणि हिशेब चुकवायला परत येण्याचे वचन दिले.

पोप पॉल सहावे यांनी 1967 साली राष्ट्रांच्या विकासावर जे परिपत्रक काढले, त्यात परदेशी जाणाऱ्या तज्ज्ञांसाठी एक वेगळा परिच्छेद आहे. आशय असा, की नुसती निपुणता पुरत नाही, प्रेमही दिसावे लागते. आणि तज्ज्ञाने मालकासारखे वागू नये, सहकाऱ्यासारखे वागावे, कारण आलेला माणूस मदतीला आला की सत्ता गाजवायला, हे लोक लवकर ओळखतात.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे शिकायला वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. आजच्या पापुआ न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्याजवळ यूल बेटावर कॅथलिक मिशन सुरू झाले 1885 मध्ये. पहिले पापुअन धर्मगुरू लुई वांगेके यांचा गुरुदीक्षाविधी झाला 1937 मध्ये, आणि तोसुद्धा मादागास्करमध्ये. ते बिशप झाले 1970 मध्ये. एवढी वर्षे पुढची खुर्ची परक्यांकडेच होती. वेवाकचे बिशप लिओ आर्कफेल्ड हे दिव्य शब्द धर्मसंघाचे अमेरिकन मिशनरी स्वतः विमान चालवत आपल्या लोकांना भेटायला जात. ‘उडते बिशप’ म्हणून ते जगभर ओळखले गेले. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण बिशपांनाच विमान चालवावे लागावे, यात कौतुकाबरोबर थोडी खंतही आहे.

दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेट जपानी सैन्याच्या ताब्यात गेले आणि परदेशी मिशनऱ्यांना स्थानबद्ध केले गेले. पुढची खुर्ची एका दिवसात रिकामी झाली. तेव्हा राकुनाई गावचा पीटर टो रोट हा धर्मशिक्षक उभा राहिला. लग्न झालेला, मुलाबाळांचा माणूस. त्याने लोकांना प्रार्थनेसाठी गोळा केले, बाप्तिस्मे दिले, आजाऱ्यांना भेटी दिल्या, विवाहाच्या पावित्र्यासाठी तोंड उघडले, आणि 1945 मध्ये कैदेत त्याला ठार करण्यात आले. 19 ऑक्टोबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्या देशाचा हा पहिला संत. तो टोलाई होता, म्हणजे ज्यांच्या भाषेतून ‘बालूस’ हा शब्द आला त्या लोकांतला. परके गेल्यावर सारे थांबले नाही, कारण त्यांनी आधी कुणाला तरी शिकवून ठेवले होते. त्यांच्या चुका काही असोत, हे एक काम त्यांनी केले होते.

तर त्या तरुणाला आम्ही असे सांगितले. खुर्ची त्यांच्या मुलाची आहे, हे तुला जाण्याआधीच कळते आहे, म्हणून तू जावेस असे आम्हाला वाटते. पण करार करण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी विचारून घे. शेजारच्या खुर्चीवर शिकायला स्थानिक वैमानिक बसवतात की नाही? ढगामुळे परत फिरलास तर पगार कापतात का? टोक पिसिन शिकायला वेळ देतात का? कारण बाळंतिणीच्या नवऱ्याशी बोलायचे झाले तर ते इंग्रजीत जमणार नाही. तो हसला. म्हणाला, ‘‘अंकल, असे प्रश्न विचारले तर नोकरी मिळेल का?’’

ते आम्हाला सांगता आले नाही. त्याने प्रश्न कागदावर लिहून घेतले आहेत. त्याच्या आईने 10 डिसेंबरच्या मिस्साचा हेतू आताच ऑफिसात नोंदवून ठेवला आहे. त्या दिवशी वैमानिकांची आश्रयदाती लोरेटोची माता हिचा सण असतो. वडिलांनी मात्र पगाराचा विषय पुन्हा काढला आहे.